मोजे घातलेला बैल

आमच्या वर्ध्याकडे भांडणाला एक रीत असते. एक बाई अंगणात येऊन सुरू होते, दुसरी पदर खोचून उत्तर देते, दोघींच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, शेजारच्या चार जणी मध्ये पडतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी घरी चहा होतो. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून भाजीची वाटी इकडून तिकडे जाते. पुण्यात माझ्याशी जे पहिलं भांडण झालं ते मात्र दोन-तीन वाक्यांत आटोपलं आणि ते संपलं की नाही हेच मला कळलं नाही. त्या न संपलेल्या भांडणात मी आणि माझी लेक मिळून एक अख्खा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा राहिलो.

हिंजवडीला तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. आमच्याकडचा जो तो इंजिनियर पुण्याला निघाला होता आणि त्याच्या मागे सुटकेस आणि कुकर घेऊन बायको. आम्ही कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. स्वयंपाकघर, हॉल, एक खोली आणि कपडे वाळत घातले की संपून जाणारी बाल्कनी. वर्ध्याला मी एका शाळेत शिकवत होते. ती नोकरी सोडून आले होते. लेकीला दीड वर्ष पुरं झालं आणि नवऱ्याला कंपनीनं परदेशी पाठवलं. त्याला ऑनसाइट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. जाताना तो म्हणाला, "दार कोणालाही उघडू नको. आणि घरमालकाला तक्रारीला जागा ठेवू नको."

घरमालक सदाशिव पेठेत राहायचे. करार अकरा महिन्यांचा होता. किल्ली देताना त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "आपल्याबद्दल सोसायटीतून एक शब्द जरी आला ना, तर मुदत वाढवणं मला जड जाईल. आधीच्या भाडेकरूंचं तसंच झालं." त्या आधीच्या भाडेकरूंचं काय झालं हे मी विचारलं नाही. पण नवरा सातासमुद्रापार, कडेवर लहान मूल, शहरात ओळखीचं कुत्रंही नाही, अशा वेळी घर शोधत फिरणं मला जमणारं नव्हतं.

आणि अशातच एका दुपारी बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, इस्त्रीची सुती साडी, चष्मा नाकावर. मी दार उघडेपर्यंतही त्या थांबल्या नाहीत. जाळीतूनच म्हणाल्या, "घोडा पाळलाय का तुम्ही?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मग उंट असेल. आमच्या डोक्यावर तबेला आहे असं वाटतं. बघा जरा."

आणि त्या जिना उतरून गेल्या. माझी लेक नुकतीच धावायला शिकली होती. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायची, भिंतीला दोन्ही हात आपटायची आणि परत. तोच तो घोडा.

वर्ध्याला असते तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं, "लेकरू आहे, धावणार नाही तर का करणार? तुमच्या घरी का कधी लेकरं नव्हती?" आणि मग पुढचं सगळं रीतसर झालं असतं. पण ते बोलायला तोंड उघडलं तर माझ्या तोंडून काय भाषा निघेल याचीच मला लाज वाटायची. भाजीवाल्याकडे मी "काय भाव देऊन राहिले?" असं म्हटलं होतं तेव्हा मागे उभ्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. तेव्हापासून मी बाहेर कमीत कमी बोलायची. मी दार लावलं, लेकीला उचललं आणि तोंडावर बोट ठेवून म्हटलं, "शू."

घरमालकाचा गोड आवाज आणि बाईंचा उंट या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र झाल्या. बाईंनी सेक्रेटरीला सांगितलं की सेक्रेटरी घरमालकाला सांगणार, आणि संपलंच. मी हॉलभर गोधड्या अंथरल्या. स्टीलच्या वाट्या, डाव, झाकणं सगळं वरच्या फळीवर ठेवलं. मुलांना नेमकं तेच आवडतं, पण इलाज नव्हता. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. नळ बारीक सोडायचा. लेक धावायला लागली की मी तिला मधेच पकडायची आणि टाचा उचलून कसं चालायचं ते दाखवायची. तिला तो खेळ वाटला. एवढ्या वयाची मुलं खेळ फार लवकर शिकतात.

आता धावायचं नाही, आपटायचं नाही, ओरडायचं नाही, तर दिवसभर करायचं काय? खाली बागेत न्यावं तर उन्हाळा. दूरदर्शनच्या जागी आता केबलवर कितीतरी चॅनल आली होती, पण टीव्हीचा आवाज लहान केला की तिला त्यात रस राहायचा नाही. मग एकदा रविवारच्या पुरवणीत भेंडीचे ठसे कसे करायचे ते आलं होतं. भेंडीचा देठाकडचा तुकडा कापायचा, रंगात बुडवायचा, कागदावर टेकवला की फूल. मी हळद आणि कुंकू कालवून रंग केला आणि नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या, एका बाजूला छापलेल्या कागदांच्या पाठीवर आम्ही बसलो. लेकीनं पहिला ठसा उमटवला, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा उमटवला. दुपार कशी गेली कळलं नाही. आणि कुठेही आवाज झाला नाही.

असं मला हातकामाचं वेड लागलं. लोक म्हणतात मुलाच्या विकासासाठी, बोटांच्या हालचालींसाठी, कल्पनाशक्तीसाठी. माझ्यासाठी त्याचं एकच मोल होतं, ते बसून करायचं असतं. मी बटाट्याचे ठसे केले. गोळा केलेल्या जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती तिला टरटर फाडायला दिले, नंतर तो टरटरही नको म्हणून कात्रीनं मीच कापून खळीनं चिकटवायला दिले. दुकानात नुकती मिळायला लागलेली मॅकरोनी बुटाच्या नाडीत ओवायला दिली. कणकेत मीठ घालून गोळे केले, त्याचे साप, त्याचे लाडू. कापसाचे ढग, चहाच्या चोथ्याची जमीन, वाटाण्याच्या टरफलांच्या होड्या. खरं सांगायचं तर मलाही त्यात सुख होतं. शाळेची नोकरी सुटल्यापासून माझ्या हातांना काही काम नव्हतं. लेक मांडीशी खेटून बसायची, तिच्या केसांना खळीचा वास यायचा, आणि तेवढा वेळ मला भीती वाटायची नाही.

पण ती बोलायची कुजबुजत. "आई, पान." "आई, अजून." सगळं ओठांच्या टोकाशी. वर्ध्याहून आई फोन करायची तेव्हा मी रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरायची.

"पोरगी बोलून राहिली का नाही?" आई विचारायची.

"बोलते की."

"मंग मले काहून ऐकू येत नाही?"

"लाइन खराब असेल," मी म्हणायची.

त्याच सुमारास कोथरूडात एका बंगल्यात आई आणि लहान मूल यांच्यासाठी हस्तकलेचा वर्ग निघाला. खाली पाटी इंग्रजीत होती. एका शनिवारी मी धीर करून गेले. गुळगुळीत रंगीत कागद, गोंदाच्या परदेशी बाटल्या, सगळे आकार आधीच कापून ठेवलेले. मुलांनी फक्त चिकटवायचे. वर्गात आठ-दहा मुलं होती आणि सगळी कोकलत होती. एक टेबलावर चढला होता, एकीनं गोंद आपल्या आईच्या पर्समध्ये ओतला होता. माझी लेक चवड्यांवर चालत आत गेली, सतरंजीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि सांगेपर्यंत कशालाही हात लावला नाही.

"माय गॉड, किती शहाणी!" वर्ग घेणारी मुलगी म्हणाली. "इतकं शांत मूल मी पाहिलंच नाही. तुम्ही काय करता हो घरी?"

शेजारच्या आईनं लेकीच्या पायांकडे बघितलं. "सो क्यूट! बॅले शिकवणार का हिला?"

मला आधी अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, चांगला वाटला. मग रिक्षात बसल्यावर मी तिच्या टाचांकडे बघितलं. इतर मुलांच्या टाचा मळलेल्या असतात, हिच्या गुलाबी होत्या. मला कसंतरीच झालं. पुन्हा मी त्या वर्गाला गेले नाही.

श्रावण संपत आला तसा मला पोळा आठवायला लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लेकरांचा. चाकं लावलेले लाकडाचे बैल सजवायचे, बाशिंग बांधायचं, झूल घालायची आणि दोरीनं ओढत घरोघरी न्यायचे. ज्याच्या दारात बैल येतो तो लेकराला बोजारा देतो, म्हणजे खाऊ, चार आणे, आठ आणे, जे असेल ते. गल्लीभर चाकांचा खडखडाट आणि घुंगरांचा आवाज. लहानपणी माझा एक शेंदरी बैल होता, त्याचं एक शिंग मी चावून ठेवलं होतं. माझ्या लेकीनं बैल न ओढता हा सण जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. का ते नीट सांगता येणार नाही. त्या बंद घरात काहीतरी आमचं हवं होतं, एवढंच.

तुळशीबागेत जाऊन मी चाकाचा बैल मागितला.

"मातीचे आहेत, पूजेचे," दुकानदार म्हणाला.

"चाकाचा लाकडी नाही का?"

त्यानं वर न बघताच विचारलं, "बैलाला चाकं असतात का हो?"

मग मी घरीच करायचं ठरवलं. त्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोक्यांचा ढीग पडलेला असायचा. कोणाकडे फ्रिज आला, कोणाकडे वॉशिंग मशीन, कोणाकडे संगणक. आमच्याकडेही संगणकाच्या पडद्याचं खोकं माळ्यावर होतं. त्याचाच बैल केला. पाठ, पोट, मान कापून सुतळीनं शिवली, वर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर चढवले. लेकीनं थर चढवले म्हणायला हरकत नाही; दोन्ही कोपरांपर्यंत खळ माखून ती प्रत्येक कागद तळव्यानं दाबायची. आई खळीत मोरचूद घालायची म्हणजे झुरळं लागत नाहीत, पण ही बोटं चाटते म्हणून मी घातलं नाही, आणि झुरळांनी बैलाचा एक कान खाल्ला. तो पुन्हा केला. रंगाला चुना आणि गेरू. शिंगांना बेगड. पोटाच्या खालच्या बाजूला काचेच्या पेल्याचं चित्र तसंच राहिलं होतं, नाजूक वस्तू असल्याचं. कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांची झाकणं चाकांना घेतली आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांचे आस केले.

बैल वाळल्यावर एका सकाळी मी गोधडी बाजूला केली, त्याला फरशीवर ठेवलं आणि दोरी तिच्या हातात दिली. तिनं ओढला.

पुठ्ठ्याचं पोकळ पोट आणि खाली फरशी. असा खडखडाट झाला की मी दचकले. लेक मागे वळली, तिचे डोळे मोठे झाले आणि ती हसली. मोठ्यानं, खिदळून. ते हसणं मी कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. आणि मी काय केलं, तर झडप घालून बैल उचलला. माझं बोट तोंडाकडे जायच्या आत तिचंच गेलं होतं. "शू," ती मला म्हणाली आणि खाली फरशीकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी मी तिचे जुने मोजे कापून चाकांना शिवले. बैल आता नुसता सरकायचा. मला स्वतःचाच राग येत होता, त्या बाईंचा येत होता, परदेशात बसून "तिकडे सगळं ठीक ना?" विचारणाऱ्या नवऱ्याचाही येत होता. पण मोजे मी घट्ट शिवले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लेकीला परकर-पोलकं नेसवलं, बैलाला झूल घातली, पायाला घुंगरू मात्र बांधले नाहीत. पुण्याची दुपार टळून चार वाजून जाऊ दिले, तेवढं शहाणपण आलं होतं. मग आम्ही जाळीचं दार उघडून बाहेर पडलो. मला वाटत होतं, दोन वर्षांचं लेकरू दारात सजवलेला बैल घेऊन उभं राहिल्यावर काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे लागत नाही.

समोरच्या दाराची बेल वाजवली. दाराच्या भिंगामागे अंधार झाला, म्हणजे कोणीतरी डोळा लावला. आतून आवाज आला, "वर्गणी दिली आम्ही."

गणपती तोंडावर आले होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या दिवसांत दारात येणारं प्रत्येक पोर मंडळाच्या पावतीपुस्तकाचं. मी म्हटलं, "वर्गणी नाही हो, बैल आहे." भिंगातला अंधार निघून गेला.

वरच्या मजल्यावर एका तरुण मुलानं दार उघडलं, कानाला मोबाइल. त्यानं बैलाकडे बघितलं, फोनवर "वन सेकंड" म्हणाला आणि मला विचारलं, "हँडमेड आहे? कितीला?"

"विकायचा नाही."

"मग?"

आपण सणाच्या दिवशी कोणाच्या दारात उभे आहोत आणि आपल्याला काय हवंय हे सांगावं लागतं, तेव्हा ते मागणं होतं. मी लेकीला घेऊन पुढच्या दाराकडे वळले.

त्याच्या शेजारच्या दारात एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पोळा काल झाला," ते म्हणाले.

"हो. हा तान्हा पोळा. लहान मुलांचा."

"पंचांगात नाही."

"आमच्याकडे असतो."

"आपल्याकडे असेल," ते म्हणाले आणि अत्यंत सभ्यपणे दार लावलं.

लेक चवड्यांवर उभी राहून प्रत्येक दाराकडे वर बघत होती. तिला काही कळत नव्हतं हेच बरं होतं. मी बैल काखेत मारला, तिचा हात धरला आणि जिना उतरायला लागले. घरी परत जायचं धाडस होईना. त्या गोधड्यांमध्ये पुन्हा जाऊन बसायचं म्हटलं तर रडू आलं असतं, म्हणून खाली पार्किंगमध्ये तरी तिला फिरवावं असा विचार केला. आमचा मजला मागे टाकून दुसऱ्या मजल्यावर आलो, तर खालच्या बाईंचं दार सताड उघडं. जाळी नुसती लोटलेली. आत त्या पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी पाय न वाजवता पुढे सरकले.

"काय आहे?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"काही नाही. खाली चाललोय."

"हातात काय?"

"बैल."

"तो दिसतोय. इथं आणा."

मी जाळी ढकलून आत गेले. त्यांनी बैल हातात घेतला, उलटा केला, पोटाखालचं पेल्याचं चित्र बघितलं, शिंगं बघितली. "कोणी केला?" मी म्हटलं, आम्ही दोघींनी. मग कसं कोण जाणे, मी सगळं सांगत सुटले. तान्हा पोळा, बोजारा, आमची गल्ली, समोरची वर्गणी, वरचा "कितीला". बोलताना भाषेकडे लक्ष राहिलं नाही, "देऊन राहिले" आणि "नाही म्हणून राहिले" सगळं भराभर निघालं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष चाकांकडे होतं.

"चाकांना मोजे कशाला?"

"आवाज होऊ नये म्हणून."

"कोणाला?"

मी म्हटलं, "तुम्हाला."

"मला?" त्यांनी चष्मा काढला. "मी कधी म्हटलं?"

"तुम्ही वर आला होतात. घोडा पाळलाय का म्हणालात. मग उंट म्हणालात."

त्यांना आठवायला वेळ लागला. खराच वेळ लागला, तो मी बघितला. "ते होय," त्या म्हणाल्या. "अहो, ते तर उन्हाळ्यात. माझं डोकं दुखत होतं त्या दिवशी. खाली येऊन गोळी घेतली आणि विसरले. तुम्ही भांडायला का नाही आलात?"

"काय?"

"मी वाट बघत होते. म्हटलं, नवीन बाई आहे, येईल, दोन शब्द सुनावेल, ओळख होईल. तुम्ही आलाच नाहीत. नंतर वर अगदीच सामसूम. मला वाटलं, तुम्ही गावी निघून गेलात. माणूस राहतंय असं वाटतच नाही हो वर."

मी भिंतीला टेकले. सगळ्या गोधड्या, वरच्या फळीवरच्या वाट्या, बारीक सोडलेला नळ. मला ओरडावंसं वाटत होतं आणि हसावंसंही. ज्या भांडणाच्या धाकानं मी घर जिवंत माणसांचं ठेवलं नाही, ते भांडण त्यांच्या बाजूनं सुरूच झालं नव्हतं.

बाईंनी लेकीला जवळ बोलावलं. ती चवड्यांवर गेली.

"हिच्या पायाला काही झालंय का? टाचा टेकत नाही ती."

"नाही. सवय आहे."

"बैलाचं नाव काय गं?" त्यांनी विचारलं. लेकीनं त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. "मोठ्यानं सांग, मला नाही ऐकू आलं." लेकीनं पुन्हा तसंच सांगितलं, ओठांच्या टोकानं.

"अशीच बोलते ही?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलणार, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठून आत गेल्या, राजगिऱ्याचा लाडू आणून लेकीच्या ओंजळीत ठेवला आणि बैल माझ्या हातात दिला. "वर जा. मोजे काढा याचे. हिला हवं तसं ओढू दे. मी इथंच आहे, मेथी निवडतेय."

वर आल्यावर मी दार बंदही केलं नाही. हॉलमधल्या गोधड्या गोळा करून खोलीत टाकल्या. फरशी किती गार आणि मोठी होती ते मी विसरलेच होते. ब्लेडनं टाके उसवले, मोजे ओढून काढले, बैलाला फरशीवर ठेवलं आणि दोरी लेकीच्या हातात दिली.

"ओढ," मी म्हटलं. "जोरात."

तिनं दोरी धरली नाही. चाकांकडे बघितलं, मग फरशीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"आजी रागावत नाही आता. आजीनंच सांगितलं. बघ." मी स्वतः दोरी घेतली आणि बैल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत नेला. खोकं गडगडलं. लेक चवड्यांवर झरझर मागे आली आणि बैलाच्या गळ्यात दोन्ही हात घालून तिनं त्याला थांबवलं. "शू," ती बैलाला म्हणाली.

"असं नाही, बाळा. असं." मी टाच उचलून फरशीवर आपटली. मग दुसरी. वर्ध्याच्या अंगणात आपटावी तशी. "असं आपट! का करून राहिली गुपचूप? आपट नं!" माझा आवाज सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या भिंतींना लागला. मी आपटत राहिले, खाली बाईंना सगळं ऐकू जात असणार आणि जाऊ दे असं मला वाटत होतं.

लेकीचा चेहरा आक्रसला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, छाती हलायला लागली, ती रडत होती. पण आवाज नव्हता. तिनं आपला तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता.

मी खाली बसले आणि तिचा हात तोंडावरून काढला. तिनं तो परत ठेवला.